उघड्या तारेचा हट्ट

छापखान्याच्या काउंटरवर पत्रिकांचा गठ्ठा नुकताच येऊन पडला होता. शाईचा वास अजून ताजा होता आणि सगळ्यात वरची पत्रिका एक परका माणूस उचलून वाचत होता.

टिपणबाईला आधी आनंदच झाला. सभागृहातल्या प्रत्येक मैफलीच्या पत्रिकेत ‘ऐकण्याआधी’ या मथळ्याखाली ती पानभर टिपण लिहायची. आज काय वाजणार, त्यात काय ऐकायचं, आणि तिला स्वतःला त्यात कोणती गोष्ट दिसली. तीन वर्षं लिहीत होती, म्हणूनच सभागृहातले सगळे तिला टिपणबाई म्हणत. पण आपलं टिपण कुणी असं उभ्या उभ्या, खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता वाचतंय, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. माणूस उंच होता, केसांना कंगवा माहीत नसावा, आणि वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. दिसायला बरा होता. बरा म्हणजे... चांगलाच होता.

“आवडलं का हो?” तिनं न राहवून विचारलं.

त्यानं मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“हे कुणी लिहिलंय?”

“का? छान आहे ना?”

“हे... हे उलटं आहे!” तो समोरच्या स्टुलावर मटकन बसला. “शेवट सुरुवातीला आहे आणि सुरुवात शेवटी!”

“तुम्हाला काय माहीत?” आता तिला राग आला. “ही रचना अजून कुणी ऐकलेलीसुद्धा नाही. पुढच्या शनिवारी पहिल्यांदाच वाजणार आहे.”

“मला माहीत आहे,” तो हळूच म्हणाला, “कारण ती मी लिहिली आहे. आणि शनिवारी मीच वाजवणार आहे.”

टिपणबाईच्या पायाखालची जमीन सरकली. आणि त्याच क्षणी तिला आठवला कचेरीतला पंखा.

त्याचं पाकीट टपालानं आलं होतं. एकट्या चेलोसाठी लिहिलेली सात पानांची रचना, सातही पानं सुटी. तिनं पाकीट फोडलं आणि डोक्यावरच्या पंख्यानं सातही पानं खोलीभर उधळली. तिनं ती गोळा केली. पण पानांवर आकडे कुठे होते? मग तिनं आपलं डोकं चालवलं. तिचे बाबा चाळीस वर्षं पियानो सुरात लावत आले होते, त्यामुळे स्वरलिपी तिला वाचता यायची. दोन स्वर एकमेकांना घासत, खरवडत होते ते पान तिनं आधी ठेवलं. दोन तारांवर एकच स्वर होता ते शेवटी ठेवलं. मधली पानं आपसूक जागेवर बसली. आणि तिनं सुरेख टिपण लिहिलं: दोन माणसं भांडतात, दुरावतात, हळूहळू जवळ येतात आणि शेवटी दोघांचा मिळून एकच स्वर होतो. लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

“पंखा फार जोरात होता,” ती पुटपुटली.

“काय?”

“पानं उडाली. मी लावली... कानानं.”

त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं एका पंख्यानं उलटी केली होती, हे पचायला त्याला वेळ लागत होता.

“पण तुम्ही पानांवर आकडे का नाही घातले?” टिपणबाईनं आवाज चढवला. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

“मला पाठ आहे म्हणून!”

“तुम्हाला आहे हो, आम्हाला नाही ना!”

दोघांनी सभागृहात जाऊन मॅनेजरला हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. पत्रिकांचा पहिला गठ्ठा आदल्या दिवशीच सभासदांना टपालानं गेला होता. तो परत आणायचा म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण परत बोलवायचा.

“एक विचारू का?” मॅनेजर चेलोवाल्याला म्हणाला. “रागावू नका. पत्रिका तर गेल्याच आहेत. तुम्हाला रचनाच जरा उलटी नाही का वाजवता येणार?”

चेलोवाल्यानं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. शेवटी ठरलं ते असं, की टिपणबाईनं शुद्धिपत्राची चिठ्ठी लिहायची आणि मैफलीच्या दिवशी दारात प्रत्येकाच्या हातात द्यायची.

“पण आधी नीट ऐकायचं,” चेलोवाला तिला म्हणाला. “उद्यापासून रोज दुपारी तीन वाजता. रोज एक पान. एका दिवसात दोन नाही.”

“शाळाच म्हणायची,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पावणेतीनलाच जाऊन बसली.

रिकाम्या सभागृहात पाचशे खुर्च्या होत्या. तो व्यासपीठाच्या मधोमध चेलो गुडघ्यांत धरून बसला होता. गजाला लावलेल्या राळेची पूड उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. ती पहिल्या रांगेत बसली.

त्यानं गज टेकवला. दोन तारा एकदम बोलल्या. एक तार उघडी, तिच्यावर बोटच नाही. शेजारच्या तारेवर बोट दाबून अगदी तोच स्वर काढलेला. एकच स्वर, पण दोन गळ्यांतून. टिपणबाईला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. बराच वेळ तसंच चाललं आणि मग दुसरा स्वर केसभर वर सरकला. केसभरच, पण सगळा आवाज थरथरायला लागला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

“ऐकलंत?”

“ऐकलं. दोघं सुखात राहत होती आणि आज तिला काहीतरी खुपलं.”

“तिला म्हणजे कुणाला? अहो, स्वर आहेत ते! दोन स्वर एकदम वाजतात, त्याला हार्मनी म्हणतात, आणि त्यांच्यात काही अंतर असतं. एक स्वर स्थिर आहे, दुसरा पाव सूर वर गेला. संपलं. नव्या संगीतात गोष्टबिष्ट काही नसते.”

“अजिबात नसते?”

“अजिबात.”

“मग मी पानं फिरवली तर उलटं काय झालं?”

तो घाईघाईनं गजाला राळ घासायला लागला. कानांच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या.

“उद्या तीनला,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती थर्मासमधून चहा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या पानावर तो दुसरा स्वर फार उंच, फार लांब गेला. इतका बारीक झाला की शिट्टीच वाटावी.

“ही माहेरी गेली,” टिपणबाईनं जाहीर केलं.

“स्वराला माहेर नसतं!”

“असतं. माझे बाबा म्हणतात, प्रत्येक स्वराला परत जायची एक जागा असते. तिथे पोचेपर्यंत तो कासावीस असतो.”

“ते जुन्या संगीतात. आम्ही ते सगळं मोडून टाकलं.”

“आणि मग? करमतं तुम्हाला?”

तो हसला. पहिल्यांदाच. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटायचा. ही गोष्ट टिपणबाईनं वहीत लिहिली नाही, आणि शुद्धिपत्राची वही त्या दिवशीही कोरीच राहिली.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, त्यानं तिला व्यासपीठावर बोलावलं. “इथे बोट दाबा. जोरात.” तिनं दाबलं. त्यानं गज ओढला आणि तो आवाज तिच्या बोटातून शिरला, तो थेट कोपरापर्यंत गेला. ती दचकली, बोट उचलायला गेली.

“उचलू नका ना...” तो म्हणाला.

तिनं नाही उचललं. गज संपला, आवाज संपला, तरी थोडा वेळ बोट तिथेच होतं. त्यानंही उचला असं म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, “दोन दिवस भाजीत मीठ नाही. कोण आहे?”

“कोण म्हणजे? कुणी नाही. चेलो ऐकतेय सध्या.”

“चेलो ऐकून मीठ विसरलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही,” बाबा म्हणाले आणि वरून मीठ घेऊन शांतपणे जेवू लागले.

टिपणबाईचा घास हातातच राहिला. म्हणजे हे प्रेम होतं? तिला धक्काच बसला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या संगीतात प्रेमं शोधून काढणारी ही बाई, आणि स्वतःच्या घरात शिरलेलं तिला भाजीतल्या मिठावरून कळावं!

सातव्या दुपारी त्यानं शेवटचं पान वाजवलं.

दुसरा स्वर लांबून परत आला होता. पायरी पायरीनं खाली उतरत तो उघड्या तारेच्या अगदी शेजारी येऊन थांबला. अर्धा सूर उरला, फक्त अर्धा. दोन्ही स्वर एकमेकांना घासत राहिले, कानाला सहन होईना इतके. आणि गज संपेपर्यंत तसेच घासत राहून ते थांबले. सभागृहात नुसती पोकळी उरली.

“संपलं?” तिचा विश्वासच बसेना. “असं? इथे?”

“इथेच.” त्यानं गज मांडीवर ठेवला. मग पहिल्यांदाच तो स्वतःबद्दल बोलला. “एक मुलगी होती. आमचं लग्न ठरलं होतं. आधी ती लांब गेली, कामासाठी. मग परत आली. माझ्या दारात उभी राहून बराच वेळ बोलली. मी ऐकून घेतलं. आणि ती निघून गेली, कायमची. मी कुठेच गेलो नाही. मी होतो तिथेच होतो.”

म्हणजे गोष्ट होती तर! आणि त्यात खरीखुरी मुलगी होती. टिपणबाईला हेवा वाटला, वाईट वाटलं, आणि ती समोर मांडलेली सात पानं बघत बसली. या वेळी नीट लावलेली. पहिल्या पानापासून सातव्यापर्यंत तिची नजर गेली आणि तिथेच अडकली.

“अहो,” ती म्हणाली, “ही उघडी तार म्हणजे तुम्ही?”

“समजा.”

“मग तुमचा स्वर सात पानांत एकदाही हललेला नाही.”

“म्हणजे?”

“बघा ना. लांब गेली तीच, परत आली तीच. एवढ्या लांबून उतरत उतरत अगदी शेजारी येऊन उभी राहिली, तीसुद्धा तीच. अर्धाच सूर उरला होता. तिला वाटलं असेल, एवढं मी आले, आता उरलेलं हा येईल. आणि तुम्ही म्हणता, ती सोडून गेली?”

त्याच्या मांडीवरचा गज घसरून खाली पडला. तो त्यानं उचलला नाही.

“हेच म्हणाली होती ती,” तो कसाबसा म्हणाला. “दारात. म्हणाली, एक पाऊल तरी तू टाक. मला वाटलं... ती भांडतेय.”

इथे थांबायला हवं होतं. पण टिपणबाईची जीभ एकदा सुटली की तिला लगाम नसे, आणि आज तर ती स्वतःसाठी बोलत होती.

“आणि आताही तेच चाललंय! सात दिवस मीच येतेय. चहा मी आणते. प्रश्न मी विचारते. तुम्ही त्या खुर्चीवर बसून असता. मी कोण, कुठली, एवढं लिहून झाल्यावर काय करते... संगीत सोडून मला एक प्रश्न तरी विचारलात? एक?”

तिला स्वतःच्याच आवाजानं धक्का बसला. पाचशे खुर्च्यांनी तो ऐकला होता.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “पण यापुढे मी एक पाऊलसुद्धा टाकणार नाही. मेले तरी नाही.”

आणि थर्मास तिथेच टाकून ती निघून गेली. दारापर्यंत पोचताना तिचे कान मागे लागले होते. मागून हाक आली नाही.

घरी येऊन ती मनसोक्त रडली. रडणं संपल्यावर बाबा म्हणाले, “खरं बोललीस ना?”

“हो.”

“मग झालं तर. सूर लावणाऱ्याचं काम सूर लावण्यापुरतं. वाजवायचं की नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं.”

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. मॅनेजर घाम पुसत दाराशी आला. “शुद्धिपत्र कुठंय?”

“लिहिलं नाही.”

“लिहिलं नाही? अहो, मग लोकांना सांगायचं काय?”

“पानं लावण्यात माझी चूक झाली, मान्य आहे,” टिपणबाई म्हणाली. “पण त्या रचनेचा शेवटच चुकलाय, ती चूक माझी नाही.”

तेवढ्यात दिवे मंद झाले. ती मागच्या दाराला टेकून उभी राहिली, उरलेल्या पत्रिका छातीशी धरून. पहिल्या रांगेत तिच्या नावाची खुर्ची राखलेली होती. ती गेली नाही. आज हा माणूस वाजवेल, टाळ्या घेईल, चेलो पेटीत भरेल आणि मागच्या मागे निघून जाईल. गेला तर गेला. असं ती मनाशी म्हणत होती खरी, पण हातातल्या पत्रिका घामानं ओल्या झाल्या होत्या.

त्यानं सुरुवात केली. एकच स्वर, दोन गळ्यांतून. लोक गोंधळले, पत्रिकेत तर लिहिलं होतं की सुरुवात भांडणानं होणार. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी पत्रिका उलटी करून पाहिली, मग सुलटी करून पाहिली. तो मात्र वाजवत होता. दुसरा स्वर सरकला, दूर गेला, उंच गेला, बारीक झाला. आणि सातव्या पानाला पायऱ्या उतरत परत आला. उघड्या तारेच्या शेजारी, अर्ध्या सुरावर, येऊन उभा राहिला.

घासणं सुरू झालं. टिपणबाईनं डोळे मिटून घेतले. आता हा गज संपेल.

गज संपला नाही.

तिनं डोळे उघडले. त्यानं डावा हात तारेवरून उचलला होता. तो दुसरा स्वर गप्प झाला आणि उघडी तार एकटीच वाजत राहिली. आणि त्याचा हात वर गेला, चेलोच्या मानेवर, खुंटीकडे. पियानो लावणाऱ्याच्या मुलीला कळायला क्षणही लागला नाही. उघडी तार हलवायला बोट चालत नाही, तिची खुंटीच पिळावी लागते. पण ते काम वाजवण्याआधी करायचं, पडद्यामागे! चालू मैफलीत, पाचशे लोकांसमोर, गज फिरत असताना कुणी खुंटी पिळतं? तार तुटली तर थेट तोंडावर येते.

खुंटी करकरली. सभागृहातून “अरे!” असा आवाज उठला. स्वर वर चढू लागला, रडवेला, वेडावाकडा. जास्तच वर गेला, खाली आला, पुन्हा चढला. त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. कुणाचा तरी चष्मा जमिनीवर पडला, कुणी उचलला नाही. तार ताणत ताणत अर्धा सूर पुढे आली... आणि थांबली.

तेव्हा त्यानं हात परत खाली आणला, शेजारच्या तारेवर बोट ठेवलं, चाचपलं, आणि दाबलं. दोन तारा, एक स्वर. जरासुद्धा थरथर नाही.

टाळ्या पडायलाच कितीतरी वेळ गेला. लोक इतके सुन्न झाले होते की काही जण वाजवायला उचललेले हात तसेच हवेत धरून बसले होते. आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्या घ्यायला तो थांबलाच नाही. त्यानं चेलो व्यासपीठावर आडवा ठेवला. पायऱ्या उतरला. मधल्या वाटेनं चालत निघाला. लोकांना वाटलं, याची तब्येत बिघडली. टाळ्या विरळ झाल्या आणि थांबल्या. सगळ्या माना त्याच्याबरोबर वळत वळत मागच्या दारापर्यंत आल्या.

टिपणबाई जागची हलली नाही.

तो समोर येऊन उभा राहिला. धाप लागली होती. खुंटीनं तळव्याला लाल वळ उठला होता.

“तुमच्या घरी...” तो म्हणाला, “कोण कोण असतं?”

तिनं छातीशी धरलेल्या पत्रिका आणखी घट्ट धरल्या.

“बाबा,” ती म्हणाली. “बाबा आणि मी. का?”

“यायचं होतं. उद्या आलो तर चालेल?”

“तुम्ही... माझ्याकडे?”

“हो. मला तुम्ही फार आवडता. मंगळवारपासून सांगायचं होतं.”

“मंगळवारपासून!” तिचा आवाज चिरकला. “मग सांगितलं का नाहीत?”

तो खरं तेच बोलला.

“रोज तीन वाजले की तुम्ही यायचात. मला वाटायचं, आज राहू दे. उद्याही येतीलच.”

तिला एकदम रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. दोन्ही एकदम, आवरता आवरेना.

“अकरानंतर या,” ती डोळे पुसत म्हणाली. “तोवर बाबा पेपर वाचतात. आणि मी दारात उभी राहणार नाही हं. बेल तुम्हीच वाजवायची.”

“वाजवतो,” तो म्हणाला.

व्यासपीठाजवळून मॅनेजर दोन्ही हात हलवत त्याला परत बोलावत होता. मध्यंतराला अजून अवकाश होता, दुसरी रचना व्हायची होती, आणि पाचशे माणसं खुर्चीत वळून मागे बघत होती. पण तो तिच्यासमोर तसाच उभा होता, आणि आपल्याला परत जायचं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.